आधी झुडूप, मग फूल

राय हे जुनं बंदराचं गाव मागे पडलं की रस्ता चढणीला लागतो. दोन्ही बाजूंना दाट कुंपणं, त्यांच्या फटींतून दिसणारी मेंढ्यांची कुरणं आणि मधूनच विटांच्या, गोल आणि निमुळत्या छपरांच्या इमारती. बिअरला कडवटपणा आणणारी हॉपची वेल या भागात पिकते. तिची फुलं वाळवायच्या या जुन्या भट्ट्या. दहाबारा किलोमीटरवर नॉर्दियम येतं. इंग्लंडातल्या ईस्ट ससेक्सचं हे गाव केंटच्या हद्दीला टेकलेलं आहे, आणि गावाबाहेरच्या एका अरुंद रस्त्याच्या टोकाला आहे ग्रेट डिक्स्टर हे जुनं घर आणि त्याची बाग. केंटमध्ये राहणारी माझी भाची गाडी चालवत होती. तिच्या घरामागे जमिनीचा एक रिकामा पट्टा आहे, आणि तिथे काय लावायचं हा प्रश्न ती मला फोनवर सारखा विचारत असे. उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून जूनच्या अखेरीस आम्ही इथे आलो.

फाटकातून घरापर्यंत फरशांची वाट सरळ जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना चक्क न कापलेलं, गुडघ्याएवढं गवत असतं. इतक्या नामांकित बागेच्या दारात हे कसं, असं पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतंच. जरा वाकून पाहिलं की गवतात ठिपक्यांच्या पाकळ्यांचे रानऑर्किडचे तुरे दिसतात. त्यांचं बी पडेपर्यंत, म्हणजे ऑगस्ट उजाडेपर्यंत, इथे कापणी होत नाही. गवतात फुलं वाढवण्याचा हा नाद घरमालकीण डेझी लॉइड यांचा. त्यांचे पती नॅथॅनिएल लॉइड छपाईच्या धंद्यात होते. त्यांनी १९१० साली पंधराव्या शतकातलं हे लाकडी सांगाड्याचं घर विकत घेतलं आणि दुरुस्तीला वास्तुविशारद एडविन लुटियन्स यांना बोलावलं. काही मैलांवरच्या बेनेंडेन गावात तसंच एक जुनं घर मोडकळीला आलं होतं. ते ७५ पौंडांना घेऊन, वासा न् वासा सुटा करून इथे आणलं आणि पहिल्या घराला जोडलं. हे काम संपत आलं तेव्हा, १९१२ मध्ये, लुटियन्स यांची दिल्लीच्या नव्या राजधानीच्या आखणीसाठी नेमणूक झाली. राष्ट्रपती भवन ज्यांनी आखलं त्यांनीच इथल्या पायऱ्या, भिंती आणि बागेचे चौक आखले आहेत. घर आणि बाग वेगळी कुठे होतात ते इथे चटकन कळत नाही. ती त्यांची हातोटी.

पण मी आले होते ती घराच्या पलीकडचा लांब ताटवा पाहायला. नॅथॅनिएल आणि डेझीच्या मुलांतला सर्वांत धाकटा ख्रिस्टोफर लॉइड १९२१ मध्ये याच घरात जन्मला, वाय कॉलेजात बागकाम शिकला, तिथे शिकवलं, १९५४ मध्ये घरी परतला, रोपवाटिका काढली आणि २००६ मध्ये मृत्यू येईपर्यंत हा ताटवा घडवत राहिला. सुमारे पासष्ट मीटर लांब, साडेचार मीटर रुंद. मागे यू वृक्षाचं काळपट हिरवं कुंपण, पुढे फरशीची वाट, वाटेला लागून कापलेल्या हिरवळीची एक पट्टी आणि तिच्यापलीकडे पुन्हा ते उंच गवत. एका हाताला माणसाने घडवलेली गर्दी आणि दुसऱ्या हाताला मोकळं कुरण, अशा वाटेवरून चालायचं.

पहिल्यांदा फक्त रंग दिसतात. निळे, किरमिजी, पिवळे, मधूनच खसखशीच्या जातीची लालभडक फुलं. दुसऱ्यांदा त्याच वाटेवरून उलट चाललं आणि रंगांकडे मुद्दाम दुर्लक्ष केलं, की खरी रचना दिसू लागते. ठरावीक अंतरावर झुडपं आहेत. पिवळसर कडांच्या पानांची होली, काळ्या-जांभळ्या पानांचा कोटायनस, चकचकीत हिरव्या पानांची एस्कलोनिया, हायड्रेंजिया, चितकबऱ्या पानांची वायजीला. काही फुललेली, बरीचशी नुसती पानांत. मोसमी फुलं या झुडपांच्या कुशीत, त्यांच्या अंगावर रेलून, त्यांच्यामधल्या खाचांत उभी आहेत. झुडपं काढून टाकली तर पासष्ट मीटरची ती फुलांची रांग नुसती रांगच उरेल. नजरेला टेकायला जागा मिळणार नाही.

हे सगळीकडे असंच होतं असं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातल्या मोठ्या घरांत केवळ बहुवर्षायू फुलझाडांचे लांबच लांब ताटवे करायची रीत होती. थंडी पडली की ही झाडं जमिनीपर्यंत वाळतात आणि वसंतात मुळांतून पुन्हा फुटतात. म्हणजे सहा महिने उघडी माती, आणि उरलेल्या सहा महिन्यांत आधार देणं, बांधणं, वाळलेलं खुडणं, कंद विभागणं हे काम संपता संपत नाही. दहा माळी पदरी असले तर हे शोभतं. दोन महायुद्धांनंतर माळी राहिले नाहीत, पैसाही राहिला नाही. अशा वेळी, १९५७ साली, लॉइड यांचं पहिलं पुस्तक आलं आणि त्याचा विषयच मिश्र ताटवा हा होता: झुडपं, बहुवर्षायू, हंगामी, कंद आणि वेली, सगळे एकाच मातीत. झुडूप वर्षभर उभं राहतं, बरीच जागा अडवतं, तण दाबतं आणि वर्षातून एकदा कात्री मागतं. घरच्या माणसांनी सांभाळायच्या बागेला याहून शहाणा पाया मला माहीत नाही.

ताटव्यात एक शिकाऊ माळीण लाकडी फळीवर उभी राहून काम करत होती. डिक्स्टरची माती चिकणमाती आहे. ओली असताना तिच्यावर पाय पडला की ती घट्ट बसते आणि मुळांचा श्वास कोंडतो. फळीवर उभं राहिलं की वजन पसरतं. आपल्या काळ्या मातीचंही तेच दुखणं आहे, आणि पावसाळ्यात आपण तिच्यात बिनदिक्कत घोट्यापर्यंत रुततो. भाचीने तिला थेट विचारलं, की कोऱ्या जमिनीत सुरुवात कुठून करायची. तिने मान वर करून एवढंच सांगितलं की आधी मोठी माणसं बसवायची, मग मुलं. ताटव्याच्या लांबीत तीन किंवा पाच जागी काठ्या रोवायच्या, लांब जाऊन पाहायचं, काठ्या हलवायच्या, पुन्हा पाहायचं. त्या काठ्या म्हणजे झुडपं. त्यांच्यात सारखं अंतर ठेवायचं नाही आणि सगळी मागच्या ओळीत उभी करायची नाहीत. एक तरी झुडूप वाटेकडे पुढे ओढायचं, म्हणजे ताटवा एका नजरेत संपत नाही; चार पावलं चालल्यावर त्याच्या आडचं काहीतरी नव्याने समोर येतं.

"पण मावशी, रोपं तर एवढीशी मिळतात," भाची म्हणाली. अडचण खरी आहे. रोपवाटिकेतलं फूटभर उंचीचं रोप पाच वर्षांत दोन मीटर पसरणार असतं, आणि आपण ते आजच्या आकाराकडे पाहून लावतो. मग तिसऱ्या वर्षी एकमेकांत घुसलेली झुडपं, आत वाळलेल्या काटक्या आणि फुलं फक्त शेंड्यावर, अशी दशा होते. त्याचा उपाय म्हणजे झुडपाला त्याच्या पूर्ण वाढीचं अंतर पहिल्या दिवसापासून द्यायचं आणि मधली रिकामी जागा दोन-तीन वर्षं हंगामी फुलांनी भरायची. इथे त्यासाठी खसखस, अमी, उंच व्हर्बिना अशी बी पडून आपोआप उगवणारी झाडं आहेत. आपल्याकडे तेरडा, झेंडू, कॉसमॉस आणि गुलबक्षी हेच काम करतात, आणि झुडूप वाढेल तशी त्यांना जागा सोडायला लावता येते.

झुडूप निवडताना फुलाकडे शेवटी पाहायचं, हे मला इथे पूर्ण पटलं. फिलाडेल्फसला संत्र्याच्या मोहरासारखा गंध असतो आणि जूनमध्ये तो पांढऱ्या फुलांनी लदलेला असतो, पण हा बहर जेमतेम तीन आठवड्यांचा. उरलेले एकोणपन्नास आठवडे ते झुडूप काय करतं, हा प्रश्न विचारूनच त्याला जागा द्यायला हवी. त्याला फारसं काही करता येत नाही, म्हणून तो मागे, आणि त्याच्यापुढे उशिरा फुलणारं काहीतरी. कोटायनसचं उलटं आहे. त्याची फुलं म्हणजे धुरासारखे पिसारे. पण दरवर्षी वसंताच्या तोंडाशी त्याला खाली छाटलं तर पिसारे येत नाहीत आणि त्याऐवजी दुप्पट मोठी, गडद जांभळी पानं येतात. फूल की पान, हा निर्णय माळ्याने आधीच घ्यायचा. गडद पानांच्या पुढ्यात फिकट फूल कसं उजळतं हे डिक्स्टरला पाहिल्यावर फुलासाठी हट्ट धरावासा वाटत नाही.

आणि मग छाटणी. या एका गोष्टीवर फुलझुडपांचा सगळा ताटवा उभा राहतो किंवा पडतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते. झुडपांचे दोन स्वभाव. काही झुडपांच्या कळ्या मागच्या वर्षी वाढलेल्या जून फांदीवर येतात. फिलाडेल्फस, वायजीला, ड्यूट्झिया ही त्या स्वभावाची. ती वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलतात, आणि फुलं संपताच लगेच छाटायची असतात, म्हणजे पुढच्या वर्षीच्या फांद्या वाढवायला त्यांना पुरा हंगाम मिळतो. त्यांना हिवाळ्यात कात्री लावली की येणारा बहरच कापून टाकला. दुसऱ्या स्वभावाची झुडपं याच वर्षीच्या कोवळ्या धुमाऱ्यांवर फुलतात. बडलिया, थंडी सोसणारे फुशिया, शंकूसारख्या तुऱ्यांची हायड्रेंजिया. ही उशिरा फुलतात, आणि त्यांना मार्चमध्ये निर्दयपणे खाली आणायचं. बडलिया तर गुडघ्याएवढी ठेवतात; जुलैपर्यंत ती डोक्यावर जाऊन जांभळे तुरे काढते.

ताटवा आखताना याचा फायदा असा, की मार्चमध्ये बुंध्यापर्यंत छाटलेल्या झुडपाभोवती दोन-तीन महिने ऊन आणि जागा मोकळी असते. तिथे लवकर फुलणारे कंद ठेवायचे. स्नोड्रॉप, क्रोकस फुलून त्यांची पानं पिवळी पडेपर्यंत झुडपाला नवी पालवी फुटते आणि ती मरगळलेली पानं झाकली जातात. एकाच जागेत दोन हंगाम. लॉइड यांनी त्यात वेलीचा तिसरा हंगाम घातला. क्लेमॅटिसच्या ज्या जाती उशिरा फुलतात आणि दरवर्षी खाली छाटता येतात, त्या आधीच फुलून गेलेल्या झुडपावर चढवायच्या. १९६५ मध्ये त्यांनी क्लेमॅटिसवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. आपल्या सह्याद्रीत कुंपणांवर चढणारी मोरवेल याच वंशातली.

ही युक्ती त्यांच्याही आधीची आहे. सरे परगण्यात मन्स्टेड वुडला राहणाऱ्या गर्ट्रूड जीकल (१८४३–१९३२) चित्रकला शिकलेल्या होत्या; नजर अधू होत गेली तशा त्या बागेकडे वळल्या आणि लुटियन्स यांच्याबरोबर त्यांनी असंख्य बागा केल्या. त्यांचा मुख्य ताटवा दोनशे फूट लांब होता. डेल्फिनियम फुलून गेला की त्याच्या वाळक्या देठांवर त्या बहुवर्षायू वाटाण्याची वेल ओढून घेत, ती संपली की तिच्यावर क्लेमॅटिस. त्याच ताटव्यामागे, भिंतीवरची झुडपं आणि पुढची फुलझाडं यांच्यामध्ये, त्यांनी एक चिंचोळी पायवाट ठेवली होती. समोरून ती दिसत नसे. कात्री घेऊन आत शिरायला उपयोगी पडे. छोट्या ख्रिस्टोफरला आई एकदा या बाईंना भेटायला घेऊन गेली होती, आणि तू मोठा माळी होशील असा आशीर्वाद घेऊन तो परतला.

रंगांच्या बाबतीत मात्र त्याने गुरूचं ऐकलं नाही. जीकल यांचे रंग टोकाला थंड, मध्यावर तप्त, पुन्हा थंड असे हळूहळू सरकत. लॉइड यांना किरमिजीशेजारी पिवळा लावायला काही वाटत नसे. पैठणच्या साड्या पाहत वाढलेल्या डोळ्यांना त्यात वावगं काही दिसणार नाही, म्हणून मी इथे फार रेंगाळत नाही.

घराच्या पलीकडे गोठ्याशेजारी लुटियन्स यांनी आखलेली गुलाबांची बाग होती. एकाच जमिनीत वर्षानुवर्षं गुलाब घेतले की माती गुलाबांना कंटाळते. नवं रोप लावलं तर ते खुरटतं. १९९३ मध्ये लॉइड यांनी मुख्य माळी फर्गस गॅरेट यांच्याबरोबर ते गुलाब मुळांसकट उपटले आणि तिथे कर्दळ, डेलिया, केळ यांची उष्ण कटिबंधी बाग केली. त्या वेळी बागप्रेमी इंग्लंड हळहळलं होतं. आम्ही गेलो तेव्हा तिथली लागवड नुकतीच झाली होती आणि कर्दळी पोटरीएवढ्याच होत्या. ती बाग बघायची तर ऑगस्टनंतर. एका अंगणात गोट्यांनी रेखलेलं दोन बुटक्या लांबट कुत्र्यांचं चित्र आहे. लॉइड यांच्या त्या लाडक्या कुत्र्यांपैकी एकाचं नाव होतं कॅना. कॅना म्हणजे आपली कर्दळ.

डिक्स्टरला गुलाब गेले, पण गुलाबाला झुडूप म्हणून कसं वागवायचं हे पाहायला गाडीने अर्ध्या तासावर सिसिंगहर्स्ट आहे. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट ही लेखिका आणि हॅरल्ड निकल्सन हे तिचे पती यांनी १९३० मध्ये एका जुन्या वाड्याचे अवशेष विकत घेतले आणि त्या भिंतींच्या आत बागा केल्या. आज त्या नॅशनल ट्रस्टकडे आहेत. गुलाबबागेत जूनअखेरीस दमट हवेत गंध अक्षरशः तरंगतो. पण मी पाहत होते ते बुंध्याकडे. तिथे जुन्या जातींच्या लांब फांद्या मोकळ्या सोडत नाहीत. हेझलच्या लवचीक काठ्यांच्या कमानी जमिनीत रोवतात आणि हिवाळी छाटणीनंतर एकेक फांदी वाकवून कमानीला बांधतात. क्लिव्हडनहून १९३९ मध्ये आलेल्या जॅक व्हास या मुख्य माळ्याने ही पद्धत इथे आणली. फांदीचा शेंडा ऑक्झिन नावाचं द्रव्य खाली पाठवतो आणि ते बाजूच्या डोळ्यांना फुटू देत नाही. म्हणून सरळ उभ्या फांदीला फूल फक्त टोकाला. फांदी आडवी झाली की हा धाक कमी होतो आणि जवळजवळ प्रत्येक डोळ्यातून फुलाचा धुमारा निघतो. उंच, पायाशी उघडी पडणारी झाडं अशी कमरेएवढे फुलांचे ढीग होतात, आणि त्यांच्या पायाशी आयरिस, एलियमसारख्या कंदांना उजेड मिळतो. आपल्या गावठी गुलाबाच्या फांद्या अशाच लांब जातात. ऑक्टोबरच्या छाटणीत सगळ्याच न कापता दोन-चार जोमदार फांद्या वाकवून खुंटीला बांधून पाहाव्यात.

सिसिंगहर्स्टची पांढरी बाग जगभर नक्कल झालेली आहे, आणि नकलांमध्ये पांढरं फूल तेवढं उचललं जातं. मुळात तिथे खरं काम करतो तो राखाडी आणि हिरवा रंग: कापलेल्या बॉक्स झुडपांच्या बुटक्या कडा, रुपेरी पानांचं झुकलेलं नासपतीचं झाड. पांढऱ्याला पांढरेपण त्यांच्यामुळे येतं.

परतताना गाडीत भाचीच्या पट्ट्याचा आराखडा झाला, पण माझ्या मनात आपल्याकडचे ताटवे घोळत होते. नव्या गृहसंकुलांतल्या बागा पाहा. सोनेरी ड्युरांटा, एक्झोरा, जास्वंद, सगळ्यांना महिन्यातून एकदा एकाच यंत्राने गोल किंवा चौकोनी कापलं जातं. जास्वंद आणि एक्झोरा नव्या वाढीच्या टोकाला फुलतात. ते टोकच दर महिन्याला जातं आणि मग "फुलंच येत नाहीत" अशी तक्रार. झुडपाला ठोकळा करणं हा त्याच्यावरचा अन्याय आहे, आणि त्यावर पैसाही खर्च होतो. याउलट जुन्या अंगणांत कुंपणाच्या भिंतीलगत तगर, कण्हेर, जास्वंद, अनंत एका ओळीत उभे असत, कारण ती देवाची फुलं होती. पहाटे परडी घेऊन फिरायचं आणि खुडायची. ते सोयीचं होतं, पण झाडाची आकृती बघायचं कुणाच्या मनात आलं नाही. जीकलबाईंची मागची पायवाट इथे फार उपयोगाची आहे. मागे भिंत, मग दीड फुटाची वाट, मग ताटवा. पूजेची फुलं मागून खुडा. समोरची बाजू भरलेली राहील.

पुण्या-नाशिकच्या हवेत अडीच ते तीन मीटर रुंदीच्या, भरपूर उन्हाच्या ताटव्याला मी तीन झुडपांवर उभा करेन. एक कुंती, कारण तिची दाट, चकचकीत गडद पानं बाराही महिने टिकतात, आणि पावसाच्या सरीनंतर ती एकदम फुलून दोन दिवस गंधाने अंगण भरते. दुसरा शंकासूर, ज्याची पानं विरळ, पिसांसारखी. कुंतीच्या घट्टपणाला तो मोकळेपणा देतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी निम्म्यावर छाटला तरी पावसात नव्या धुमाऱ्यांवर लाल-केशरी फुलतो. तिसरी धायटी. ही आपल्या डोंगरउतारांवरची. लावणारे फार थोडे, याचं मला वाईट वाटतं. जानेवारीपासून तिच्या कमानदार फांद्यांवर लहान लाल नळ्यांसारखी फुलं ओळीने येतात आणि शिंजीर दिवसभर तिच्यावर असतात. तिला मात्र फुलं गेल्यावरच कात्री लावायची, आणि तीही कमानी मोडणार नाहीत अशी. अर्धी सावली असेल तर तगर आणि अनंत. अनंताच्या कळ्याही जून फांदीवर धरतात, म्हणून बहर सरल्याबरोबर छाटणी. हिवाळ्यासाठी कोरांटी, पिवळी किंवा जांभळी. कण्हेर लावायची असेल तर ती सर्वांगाने विषारी आहे हे लक्षात ठेवून, लहान मुलं आणि गुरं पोचणार नाहीत तिथे. घाणेरी मात्र नको. तिने आपली रानं गिळली आहेत.

स्नोड्रॉपचं काम आपल्याकडे पावसाळी कंद करतात. भुईचाफा पानांआधी जमिनीतून थेट फूल काढतो, मे महिन्यात फुटबॉल लिलीचा लाल गोळा येतो, पहिल्या सरींनंतर पावसाळी लिली, मग रानहळद. पावसाळा सरला की ही सगळी जमिनीत गुडूप होतात आणि वरचं झुडूप ती जागा ताब्यात घेतं. वेलीच्या जागी गणेशवेल. ती इतकी हलकी आहे की कुंतीवर चढली तरी तिला दाबत नाही, पावसाळाभर लाल चांदण्या फुलवते आणि हिवाळ्यात वाळून जाते. तिचं बी मात्र आपणच गोळा करावं, नाहीतर पुढच्या वर्षी ताटवा तिचाच होतो.

आपल्या आणि त्यांच्या हवेत मोठा फरक पाण्याचा. आग्नेय इंग्लंडात पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. आपला चार महिन्यांत कोसळतो आणि आठ महिने नाही. म्हणून झुडपं जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसानंतर, माती खोलवर भिजली की लावायची, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हाआधी मुळं खाली जातात. पालापाचोळ्याचं चार बोटं आच्छादन वर्षभर ठेवायचं. पाणी रोज वरवर शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा खोल द्यायचं. उथळ पाण्याने मुळं वरच राहतात आणि एप्रिलात झाड माना टाकतं. ताटवा वाटेपेक्षा वीतभर उंच घेतला आणि मातीत कुजलेलं शेणखत व बारीक खडी मिसळली तर पावसाळ्यात मुळं कुजत नाहीत. डिक्स्टरला चिकणमातीत अनेक वर्षं खडी आणि कंपोस्ट घालत आले आहेत, त्याचं हेच कारण.

गेल्या दशकात डिक्स्टरच्या सगळ्या जमिनीवरच्या जीवजातींची तपासणी तज्ज्ञांनी केली. रान, कुरण, तळी यांपेक्षा फुलांच्या बागेतच विविधता सर्वांत जास्त आढळली. एरवी क्वचित दिसणाऱ्या मधमाश्याही. कारण उघड आहे. वेगवेगळ्या उंचीची, वेगवेगळ्या महिन्यांत फुलणारी झाडं खेटून उभी आहेत, भिंतींच्या फटी आहेत, वाळकी देठं हिवाळाभर उभी ठेवतात आणि औषधं फवारत नाहीत. चेंडूसारखं कापलेलं झुडूप यातलं काहीच देत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. डिक्स्टर मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत उघडं असतं, सोमवारी एरवी बंद. लंडनच्या सेंट पँक्रसहून ॲशफर्डला वेगवान गाडी आहे. तिथून दुसऱ्या गाडीने राय, आणि रायहून बस किंवा टॅक्सी. दोन्ही बागा एका दिवसात होतात, पण तेवढ्यात धड एकही पाहून होत नाही, दोन दिवस काढावेत. गुलाबांसाठी जूनचा शेवटचा आठवडा, लांब ताटव्यासाठी जुलै, कर्दळी आणि डेलियांसाठी सप्टेंबर. डिक्स्टरच्या रोपवाटिकेतल्या रोपांचा मोह होईल. भारतात रोपं आणायला वनस्पती-आरोग्याचा दाखला आणि परवाना लागतो, त्यामुळे ती इंग्लंडातल्या नातेवाइकांच्या अंगणापर्यंतच न्यावीत. भाचीने तिथून एक कोटायनस घेतला आणि घरी पोचल्यावर पट्ट्यात आधी काठ्या रोवल्या.